भाचा सियाचीनला चाललाय : मी विणलेले मोजे त्याच्या उपयोगाचे आहेत का?

वत्सलामावशी (रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा फौजेत आहे. परवा त्याचा फोन आला, "मावशी, आता वर जायचंय." वर म्हणजे सियाचीन. ताईने फोन ठेवला आणि देवापाशी जाऊन बसली, मी सुया घेऊन बसले. ज्याची त्याची तऱ्हा.

आतापर्यंत एका फुल स्वेटरची पाठ आणि पुढची बाजू झाली आहे, बाह्या राहिल्यात. दोन जोड मोजेही झाले. मोजे मुद्दाम चांगले घट्ट विणलेत, आत वारा शिरायला नको म्हणून. आमचे हे म्हणतात, "सरकार त्यांना लाखभराचे कपडे देतं, तुझ्या स्वेटरचं तिथे पोतेरं होईल." म्हणून इथे विचारते. तिथे जवानाला अंगावर घालायला नक्की काय मिळतं? घरचं विणलेलं काही चालतं का? आणि ते 'लेयर लेयर' म्हणतात ते काय असतं? एकावर एक तीन स्वेटर घातले की झालं ना?

पेठेतला_पेंगुळलेला (रात्री ९.२०)

पुण्यात अकरा अंश झाले की आमचे तीर्थरूप माकडटोपी, तिच्यावर मफलर आणि त्यावर हेल्मेट अशा तीन लेयरमध्ये दूध आणायला जातात. तज्ज्ञांचं मत हवं असेल तर नंबर देतो.

प्रशासक (रात्री ९.३१)

मूळ धाग्यातून भाच्याची पलटण आणि जाण्याचा महिना काढून टाकला आहे. कृपया कुणीही आपल्या नातेवाइकांच्या नेमणुकीचे तपशील इथे लिहू नयेत. बाकी चालू द्या.

सुभेदार_माजी (रात्री १०.०५)

ताई, मोजे घट्ट विणलेत हे वाचलं आणि जेवण अर्धवट ठेवून लिहायला बसलो. ते मोजे पाठवू नका.

वर माणसाला थंडी मारत नाही, घट्टपणा आणि ओल मारते. मोजा घट्ट, त्यावर दुसरा मोजा, त्यावर बूट आवळून बांधलेला, की रक्त बोटांपर्यंत पोचतच नाही. जिथे रक्त नाही तिथे ऊब नाही. बूट पायात असताना आतल्या आत बोटं वळवळवता आली पाहिजेत, हा आम्हाला शिकवलेला पहिला धडा. चालताना, पहाऱ्यावर, रेडिओवर बोलताना बोटं हलती ठेवायची. बोटं दुखतायत तोवर काळजी नाही. दुखायची थांबली की उस्तादाला हाक मारायची.

मी नव्वदच्या दशकात वर होतो. आमचे बूट दोन भागांचे होते. बाहेर प्लास्टिकचं टणक कवच आणि आत काढता येईल असा मऊ इनर. रात्री कवच बाहेर, इनर मात्र स्लीपिंग बॅगमध्ये आपल्याबरोबर. बाहेर राहिला तर सकाळी त्याची वीट होते. मोज्यांचे दोन जोड कायम फिरते, एक पायात आणि दुसरा बनियनच्या आत पोटाशी, वाळत. शेगडीवर नाही, पोटावर. माझ्या सेक्शनमधल्या एका पोराने कंटाळा केला, ओल्या मोज्यांत एक रात्र काढली. दोन बोटं गेली त्याची. बाकी सगळं सामान त्याच्याकडे नवंकोरं होतं.

बाकी सवडीने लिहितो. डोळ्यांना आता रात्रीचं टायपिंग झेपत नाही.

धागा_दोरा_इचलकरंजी (रात्री १०.४८)

वस्त्रोद्योगात वीस वर्षं काढली, म्हणून लेयरचं मी सांगतो.

मावशी, स्वेटर ऊब तयार करत नाही. ऊब शरीर तयार करतं, कपडा फक्त तिला पळू देत नाही. पळू न देण्याचं काम लोकरही करत नाही, लोकरीत अडकलेली हवा करते. म्हणून एक जाड कपडा आणि मध्ये हवा ठेवणारे दोन पातळ कपडे यांत पातळ दोन जिंकतात. तीन घट्ट स्वेटर एकमेकांवर चढवले की मधली हवा चेपून जाते. वजन तिप्पट, ऊब काही तिप्पट होत नाही.

तीन थरांची कामं वेगळी असतात. अंगालगतचा थर घाम ओढून बाहेर ढकलतो, मधला हवा धरून ठेवतो आणि वरचा वारा व बर्फ अडवतो, पण आतली वाफ मात्र जाऊ देतो. हे शेवटचं सगळ्यात अवघड आणि महाग. रेनकोट घालून सिंहगड चढलात तर पाऊस लागत नाही, तरी आतून चिंब होता. शून्याखाली चाळीस अंशांवर तसं झालं तर तो घामच गोठतो.

आणि सगळ्यात वाईट कपडा कोणता, तर आपला लाडका सुती बनियन. सूत पाणी पितं आणि सोडत नाही. अस्सल लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. पक्ष्यांच्या पिसांचं जाकीट सगळ्यात हलकं आणि उबदार, पण एकदा भिजलं की त्याची गोधडी होते. स्लीपिंग बॅगचंही तेच. अंगाखालची पिसं वजनाने चेपतात, म्हणून खाली फोमची चटई नसेल तर कितीही भारी बॅग असो, पाठ बर्फालाच टेकलेली.

सडेतोड_नाना (रात्री ११.१५)

वा, छान भौतिकशास्त्र. आता हेही वाचा. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेला कॅगचा अहवाल. अतिउंचीवरच्या जवानांसाठी लागणाऱ्या बर्फाच्या गॉगल्सची तूट ६२ ते ९८ टक्के. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बुटांची खरेदीच नाही, म्हणून वापरलेले बूट दुरुस्त करून पुन्हा दिले. फेस मास्क, जाकिटं, स्लीपिंग बॅगा जुन्या नमुन्याच्या. नेमून दिलेल्या पदार्थांऐवजी महागडे पर्याय त्याच खर्चात बसवण्याच्या नादात जवानाच्या पोटात जाणाऱ्या कॅलरी काही ठिकाणी ८२ टक्क्यांपर्यंत कमी. मावशींच्या यजमानांना सांगा, लाखभराचे कपडे कागदावर असतात.

रानभूल (रात्री ११.२२)

नाना, एका आईने घाबरून देव गाठलाय आणि तुम्ही तिच्या बहिणीला तुटीचे टक्के सांगताय. वेळ-काळ?

सडेतोड_नाना (रात्री ११.२६)

वेळ-काळ बघूनच बोललो. न बोलून बूट वेळेवर येत असते तर मीही आरती केली असती.

सुभेदार_माजी (सकाळी ६.४०)

नानासाहेब, अहवाल खोटा नाही. दुसऱ्याचे बूट मीही घातलेत. वरून उतरणारी पलटण सामान जमा करते, धुऊन-पुसून ते पुढच्यांना मिळतं. काही गोष्टी अशा फिरवायला हरकत नाही. दोर, कुऱ्हाड, क्रॅम्पॉन (बर्फात घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते) तपासून देता येतात. पण बुटाचा इनर आणि स्लीपिंग बॅग ज्याची त्याला नवी मिळाली पाहिजे, यावर माझंही तुमच्यासारखंच मत आहे. अहवालातला काळ २०१५ ते २०१८ चा. आताची पोरं भेटतात ती सांगतात की सामान खूप सुधारलंय. त्यांच्या अंगावर बघितलं तर दिसतंही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. वर जायच्या आधी पोराला थेट वर नेत नाहीत. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार, त्याच्या वर आणखी चार. पहिले दोन दिवस तर नुसतं पडून राहायचं. तरण्याताठ्या पोरांना लाज वाटते, दंड-बैठका काढायला जातात आणि तेच आधी आजारी पडतात. लडाखात पाट्याच लावल्यात, लामांच्या देशात गामा बनू नका. मग बेस कॅम्पजवळच्या शाळेत बर्फाच्या भिंती चढणं, दोराने बांधून चालणं, भेगेत पडलेल्याला ओढून काढणं शिकवतात. निघताना ओपी बाबांच्या, म्हणजे जवान ज्याला आपला राखणदार मानतात त्या शिपायाच्या ठाण्यावर रीतसर रिपोर्ट द्यायचा, उतरल्यावर पुन्हा द्यायचा. श्रद्धा म्हणा, शिस्त म्हणा, मी दोन्ही वेळा दिला.

चालायचं ते बहुतेक रात्री नाहीतर पहाटे. ऊन चढलं की बर्फ मऊ होतो, भेगांवरचे पूल बसतात, कडे सुटतात. एका दोरात पाच-सहा जण. पाठीवर वीस-पंचवीस किलो. आणि निघताना वरचं गरम जाकीट काढून पिशवीत. नवीन पोरं म्हणतात, "उस्ताद, थंडी वाजतेय." वाजू दे. दहा मिनिटांत अंग तापतं. जाकीट घालून निघालास तर घाम येणार, थांबलास की तो घाम तुला खाणार. थांबल्या थांबल्या पहिलं काम जाकीट चढवणं, पाणी-विडी नंतर.

टाम्पेरेकर (सकाळी ११.०२)

सुभेदारकाका, अगदी हेच! मी फिनलंडला असते. माझ्या मुलाने इथली सक्तीची लष्करी सेवा केली, त्याचंही पहिलं वाक्य हेच होतं, "आई, निघताना थंडी वाजली पाहिजे."

इथे एक तुकडी एका तंबूत झोपते. मधोमध लाकडाची शेगडी आणि रात्रभर कुणीतरी एक जण पाळीने जागा राहून तिच्यात लाकडं सारतो. त्या पहारेकऱ्याला किपिनामिक्को म्हणतात, किपिना म्हणजे ठिणगी. त्याला डुलकी लागली तर एक तर सगळे गारठतात, नाहीतर तंबू पेटतो. तंबू, शेगडी, लाकडं हे सगळं आहकिओ नावाच्या होडीसारख्या घसरगाडीवर लादून माणसंच स्कीवरून ओढतात. १९३९-४० च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौज रस्त्यावर रणगाड्यांच्या रांगेत अडकली आणि पांढऱ्या कपड्यांतले फिनिश जंगलातून स्कीवर येऊन वार करून गेले, ते याच्या जोरावर. त्यांच्याकडे भारी काही नव्हतं. जे होतं ते लहानपणापासून वापरात होतं. मुलाच्या कंपनीत जोडीदाराचा चेहरा तपासायचा नियमच होता. नाकावर, गालावर पांढरा डाग दिसला की लगेच सांगायचं, कारण स्वतःचं स्वतःला कळत नाही.

धारकरी_नव्हे_वाचकरी (दुपारी १२.३०)

थंडीने फौजा गिळल्याचा इतिहास मोठा आहे. १९४१ साली जर्मन फौज मॉस्कोच्या दारात पोचली ती उन्हाळी कपड्यांत. बुटांच्या तळव्यांना लोखंडी खिळे, त्यांनी थंडी सरळ पायात ओढली, आणि बूट मापात घट्ट. समोर रशियन शिपाई नमद्याच्या ऐसपैस व्हालेंकी बुटांत. त्या हिवाळ्यासाठी जर्मनांनी पुढे पदक काढलं, त्याला शिपाईच गोठलेल्या मांसाचं पदक म्हणायचे.

आपल्याकडचं उदाहरण जोरावर सिंगांचं. डोगऱ्यांची फौज घेऊन हा माणूस तिबेटात मानसरोवराच्याही पुढे गेला. डिसेंबर १८४१ मध्ये तकलाकोटजवळ शेवटची लढाई. शिपायांची बोटं झडलेली, हातात तलवार धरवत नव्हती, शेकायला बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. तिथे जोरावर सिंग पडले. नंतर १९६२ ला आपली पोरं सुती गणवेश आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयात उभी केली, म्हणजे एकशे एकवीस वर्षांत आपण काय शिकलो ते बघा.

आणि खरं सांगायचं तर पानिपतावर जानेवारीच्या थंडीत मराठी फौज...

पेठेतला_पेंगुळलेला (दुपारी १२.३४)

आलं! पानिपत आलं! तेराव्या प्रतिसादाच्या आत. मी पैज जिंकलो, रानभूल, मिसळ लागू.

रानभूल (दुपारी १२.४१)

दिली. पण वाचकरी, कर्नालकडची थंडी आणि सियाचीन एका तागडीत? तिथे गोठण्याच्या आसपास पारा, इथे उणे पन्नास.

धारकरी_नव्हे_वाचकरी (दुपारी १२.५०)

दख्खनच्या उन्हात वाढलेल्या, उपाशी आणि उघड्यावर पडलेल्या माणसाला चार अंशही पुरतात. थंडी आकड्यावर ठरत नाही हो, पोटावर आणि पांघरुणावर ठरते. पण थांबतो.

स्टेथोस्कोप (दुपारी ३.१५)

पोटाचा मुद्दा बरोबर आहे. मी लष्करी वैद्यकीय सेवेत होतो, काही वर्षं लडाखात. वर भूक मरते, चव जाते, तहान लागत नाही आणि पाणी हवं तर बर्फ वितळवावा लागतो. म्हणजे प्रत्येक ग्लासामागे रॉकेल. पोरं पाणी कमी पितात, रक्त दाट होतं, हिमदंशाला दार उघडं. चहा-सूप जबरदस्तीने पाजणं हेही साहित्यच समजा.

टाम्पेरेकर, तुमच्या आणि आमच्या थंडीत एक फरक आहे. तुमच्याकडे हवा पुरेशी आहे. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा. शरीराला जाळायला प्राणवायूच कमी, त्यामुळे कपडे तेच असले तरी माणूस लवकर गारठतो. त्यात फुप्फुसात पाणी साठण्याचा आजार, ज्याला फौजेत सगळे हॅपो म्हणतात, तो धडधाकट माणसालाही होतो. त्यावर खरा उपाय एकच, खाली आणणं. हवामान हेलिकॉप्टर उडू देत नसेल तर माणसाला हवा भरलेल्या बंद पिशवीत ठेवून पंपाने आतला दाब वाढवतात. शरीराला वाटतं आपण काही हजार फूट उतरलो, तेवढा वेळ मिळतो.

हिमदंशाबद्दल, कारण जुनी समजूत अजून ऐकू येते. गोठलेल्या बोटांवर बर्फ चोळायचा नाही, काहीच चोळायचं नाही. शेगडीपुढे धरायची नाहीत, बधिर बोट भाजलेलं कळत नाही. कोमट पाण्यात, ३७ ते ३९ अंश. आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवायचंच नाही, कारण वितळून परत गोठलेलं बोट बहुतेक जातंच.

पेठेतला_पेंगुळलेला (दुपारी ३.१९)

आणि डॉक्टर, रम?

स्टेथोस्कोप (दुपारी ३.२६)

रम प्यायल्यावर गरम वाटतं, कारण कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि पोटातली ऊब बाहेर निघून जाते. वाटणं वेगळं, असणं वेगळं.

सुभेदार_माजी (दुपारी ४.००)

साहेब बरोबर सांगतात. खाली बेसला उतरल्यावरची गोष्ट निराळी, ती इथे नको.

सह्याद्रीचा_उंदीर (सायंकाळी ५.४४)

मी गिर्यारोहणाचा कोर्स केलाय, त्यामुळे दोर, क्रॅम्पॉन समजतं. पण आम्ही बंदूक घेऊन चढत नाही. काका, हत्यारांचं काय होतं वर?

सुभेदार_माजी (सायंकाळी ६.३०)

हत्यार तंबूत आणायचं नाही. आतल्या उबेत त्यावर दव धरतं, बाहेर नेलं की ते दव बर्फ होतं आणि पुर्जे जाम. म्हणून हत्यार थंडच ठेवायचं, सावलीत, बर्फापासून झाकून. नेहमीचं तेल वर मेणासारखं घट्ट होतं, तिथे पातळ तेल, तेही पुसट. उघड्या हाताने लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते, म्हणून आत एक पातळ हातमोजा कायम, त्यावर जाड. बॅटऱ्या अंगाशी. आमच्याकडे रेडिओच्या बॅटऱ्या माणसांसारख्या स्लीपिंग बॅगमध्ये झोपायच्या.

आणि बुखारी. रॉकेलची शेगडी हाच वरचा देव आणि तोच वरचा चोर. अख्खा हिवाळा तिची काजळी नाकात, खाकरा काळा. खाली उतरल्यावर आठ दिवस थुंकी काळी येत होती. झडप बंद करून झोपलं तर त्या धुराने माणसं झोपेतच जातात.

स्टेथोस्कोप (सायंकाळी ७.०५)

आणि आग. फायबर ग्लासची खोपटी, रॉकेल, कोरडी हवा, वारा. जुलै २०२३ मध्ये सियाचीनला आग लागली तेव्हा कॅप्टन अंशुमन सिंग या वैद्यकीय अधिकाऱ्याने आतल्यांना बाहेर काढलं आणि औषधांचं सामान वाचवायला परत गेले. ते आले नाहीत. कीर्तिचक्र मिळालं. बर्फात माणूस जळून जातो हे खाली बसून पटत नाही.

धागा_दोरा_इचलकरंजी (सायंकाळी ७.४०)

काजळीवर काम झालंय. डीआरडीओच्या दिल्लीच्या संस्थेने, डिपासने, हिमतापक नावाची सुधारित बुखारी बनवली, लष्कराने मोठ्या संख्येने मागवली. तीन थरांच्या पोशाखाचं तंत्रही त्यांनीच विकसित करून डिसेंबर २०२१ मध्ये पाच भारतीय कंपन्यांना दिलं, अधिक पंधरापासून उणे पन्नास अंशांपर्यंत चालेल असं. २०२० च्या गलवाननंतर अचानक हजारो जवान हिवाळ्यात पूर्व लडाखात ठेवायची वेळ आली, तेव्हा अमेरिकेकडून घाईघाईने सेट घ्यावे लागले होते. सोनम वांगचुक यांचा उन्हावर तापणारा तंबूही त्याच हिवाळ्यातला. दहा जवानांचा, सुटा करून वाहता येणारा, बाहेर उणे चौदा असताना रात्री आत अधिक पंधरा. रॉकेल शून्य.

सडेतोड_नाना (रात्री ८.१०)

"घाईघाईने" हा शब्द अधोरेखित करा. १९८४ लाही हेच. १३ एप्रिलला सियाचीन ताब्यात घ्यायची मोहीम, आणि बर्फाचे परदेशी कपडे हाती पडले आदल्या संध्याकाळी!

रानभूल (रात्री ८.२२)

मग त्याच दिवसाचं दुसरंही सांगा की. बिलाफोंड ला खिंडीत चीता हेलिकॉप्टरमधून पहिले उतरले ते कुमाऊं रेजिमेंटचे कॅप्टन संजय कुलकर्णी, आपले मराठी. खाली बर्फ किती टणक, कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून आधी पिठाचं पोतं खाली टाकलं, ते रुतलं नाही, मग माणसाने उडी मारली. कपडे आदल्या दिवशी आलेले असोत, पोतं टाकून बघायची अक्कल कुठल्या गोदामात मिळत नाही.

सडेतोड_नाना (रात्री ८.३५)

मान्य, आणि सलाम. पण त्या पहिल्या काही दिवसांतच तीसेक जणांपैकी एक जण गेला आणि एकवीस जणांना हिमदंश झाला, हेही त्याच गोष्टीत आहे. अकलेला बुटाची जोड असती तर? डिसेंबर २०१५ पर्यंत सियाचीनवर ८६९ जवान गेल्याची नोंद आहे, त्यात गोळीने कमी आणि हवामानाने जास्त.

सह्याद्रीचा_उंदीर (रात्री ९.००)

हिमस्खलनापुढे बूट काय करणार नाना? फेब्रुवारी २०१६, सोनम पोस्ट, १९,६०० फूट. दहा जण गाडले गेले, त्यांतला एक नर्सिंग असिस्टंट आपल्या साताऱ्याचा. लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले. बर्फ कापायची यंत्रं, रडार, डॉट आणि मिशा नावाची दोन कुत्री, सगळं वापरलं तेव्हा. दिल्लीत नेल्यावर तिसऱ्या दिवशी तेही गेले. पलीकडे २०१२ ला गयारीत पाकिस्तानचे एकशे चाळीस लोक एका कड्याखाली. बर्फाला सरहद्द कळत नाही.

रानभूल (रात्री ९.०४)

मावशी कुठे गायब झाल्या? घाबरवलं बहुतेक आपण सगळ्यांनी.

लोकरीची_लीला (रात्री ९.३०)

मी विणकामवाली, म्हणून मला एकच शंका. मावशी, लोकर कुठली वापरलीत? आपल्या बाजारात लोकर म्हणून मिळते त्यातली निम्मी अॅक्रेलिक असते, दुकानदारही लोकरच म्हणतो. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. अस्सल असेल तर केस जळल्याचा वास येईल आणि राख बोटाने चुरडेल. अॅक्रेलिक वितळून त्याची कडक काळी गुळी होते.

धागा_दोरा_इचलकरंजी (रात्री ९.३८)

लीलाताई, लाखातला प्रश्न! अॅक्रेलिक ओल पोटात घेत नाही, आणि बुखारीजवळ ठिणगी पडली तर कातडीला चिकटतं. मावशी, जाळून बघाच.

वत्सलामावशी (दुसऱ्या दिवशी दुपारी २.५०)

आले, आले. घाबरले नाही, वाचत होते. सगळा धागा ताईला वाचून दाखवला. आग आणि बर्फाखालचं वगळलं, सुभेदारसाहेबांचं सगळं वाचलं. बोटं हलती ठेवायची, हे तिने वहीत लिहून घेतलं आहे. ती त्याला रोज फोनवर विचारणार म्हणे.

काल रात्री गॅसवर धागा धरला. गुळी झाली, काळी, टणक. स्वयंपाकघरात प्लास्टिक जळल्याचा वास. हे खुर्चीतून काहीच बोलले नाहीत, नुसते हसले. बारा गुंड्या आणल्या होत्या मी.

भाच्याशी बोलले. तो म्हणाला, वर इश्यूचंच, म्हणजे फौजेने दिलेलंच घालायचं, घरचं काही चालत नाही आणि इश्यूचं चांगलं मिळालंय. नाना, गॉगल मिळाला का हेही विचारलं, दोन मिळालेत. स्वेटर पुरा कर म्हणाला, सुटीवर आल्यावर घरी घालीन. पण बेस कॅम्पला रात्री झोपताना घालायला सैल मोजे असले तर पाठव. आणि शेंगदाण्याची नाहीतर लसणाची सुकी चटणी, भरपूर, कारण वर काही खावंसं वाटत नाही असं आधी जाऊन आलेली पोरं सांगतात. लोणचं नको, गोठतं.

आता आज अस्सल लोकर आणली, दुकानात तिथल्या तिथे जाळून बघितली. दुकानदार माझ्याकडे असा बघत होता! लीलाताई, आधीचे मोजे ६४ टाक्यांवर होते. सैल करायचे तर किती घालू? पाऊल नऊ नंबरचं आहे.

लोकरीची_लीला (दुपारी ३.१०)

७२ घाला. दोन सुलट दोन उलट फक्त पोटरीपाशी चार बोटं, खाली सगळं साधं सुलट. बॉर्डर पावलावर आणू नका, ती आवळते. टाच ३६ टाक्यांवर करा. आणि बोटांशी टाके बंद करून शिवू नका, ती शिवण आतून बोटांवर दाबते. शेवटचे टाके सुईने समोरासमोर गुंफून घ्या, म्हणजे कड उठत नाही. जमत नसेल तर संध्याकाळी फोन करा, मी व्हिडिओवर दाखवते.

सुभेदार_माजी (दुपारी ३.३२)

तिकडे पाय सुजतात, ताई. अंगठ्यापाशी अर्धा इंच जादा सोडा.

वत्सलामावशी (दुपारी ३.४०)

सोडते. जुने उसवायला घेतलेत, यांच्या पायमोज्यांना होतील.